लेकुरवाळ्या शिंपल्यांचा डोह

सन १९३६. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. शाळा मी दुसरीत सोडली, त्यामुळे बाकीची सालं मागेपुढे होतात. हे साल होत नाही.

चैत्र होता. तापी आटून डोहाडोहांत तुटली होती. आमचं गाव शिंदखेड्याच्या उत्तरेला, अगदी काठावर, आणि गावाखालचा डोह भोयांचा. चौदा घरं भोयांची. तेरा घरं मासे धरायची. आमचं घर शिंपल्यांचं. माझ्या आज्यानं काठावर भट्टी बांधली, बापानं ती चालवली, मी चालवली. डोहात बुडी मारून शिंपल्या काढायच्या, आतला गर खायचा, कवच वाळवून गोवऱ्यांच्या थरात रचून भाजायचं, पाणी मारून फोडायचं. लोण्यासारखा चुना. दगडाच्या चुन्यानं पान खाणाऱ्याची जीभ भाजते. आमच्या चुन्यानं कोणाची भाजली असेल तर त्यानं आजही येऊन सांगावं. आसपासच्या पाच गावांतल्या बायका ज्वारी घेऊन यायच्या आणि पानाच्या डब्या भरून न्यायच्या. त्या ज्वारीवर आमचं घर जगायचं.

त्या सकाळी मी उजाडता पाण्यात उतरलो आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत बुड्या मारल्या. कान दुखायला लागले, डोळे लाल झाले. हाताला नऊ शिंपल्या लागल्या. माझ्या बापाच्या वेळी एवढ्या वेळात दोन टोपल्या भरायच्या.

नऊच्या नऊ लेकुरवाळ्या निघाल्या.

हे नीट सांगायला पाहिजे. शिंपली हातात आली की लगेच फोडायची नाही, असा आमच्यात नेम होता. बांबूची पातळ कामटी फटीत घालायची, जरा उघडायची, उन्हाकडे धरून आत बघायचं. आत करडं, पातळ दिसलं तर टोपलीत टाकायची. आत पांढरं, फुगलेलं, दुधाळ दिसलं तर ती लेकुरवाळी, पोटुशी. तिला बोट लावायचं नाही. ‘जाय माय, मोकळी व्हय’ म्हणायचं आणि होती तिथेच पाण्यात सोडायची. मी लहान असल्यापासून हे शब्द म्हणत आलो. लेकुरवाळी फोडणाऱ्याला डोह बंद, आणि भोईवाड्यात त्याच्याशी पाणी-विस्तव बंद. असा नेम दुसऱ्या कुठल्या भोयांत नव्हता. आमच्यात होता, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. मासे धरणाऱ्यांना मी तोंडावर ऐकवायचो, की तुम्ही अंड्यासकट मासा खाता, आम्ही पोटुशीला हात लावत नाही.

तर त्या सकाळी मी काठावर बसून एकेक शिंपली सोडत होतो. जाय माय. जाय माय. दिवाळीपासून भट्टी थंड होती. घरात ज्वारीची मडकी पालथी पडली होती. धाकटी मुलगी अडीच वर्षांची, ती सकाळी उठून रडायचीसुद्धा नाही, नुसती चुलीकडे बघत बसायची. हातात अन्न आहे आणि मी ते पाण्यात सोडतोय. तरी सोडत होतो. नेम म्हणजे नेम.

एक गोष्ट मला त्याच्या आधीची दोन वर्षं खटकत होती आणि मी ती मनात येऊ देत नव्हतो. डोहात सगळ्या पोटुश्या, मग पिल्लं कुठे? नखाएवढी, बोटाच्या पेराएवढी बारकी शिंपली पूर्वी काठच्या गाळात पायाला टोचायची. आता एक नाही. घराघरात बाळंतीण निजली आहे आणि गावात एकही पोर रडत नाही, असं ते होतं.

माझ्या थोरल्या भावानं मला हे दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

त्याला मी नाना म्हणायचो. थोरला तो, पण डोहाची राखण बापानं मरताना माझ्या हाती दिली, कारण नानाचा उजवा कान फुटलेला होता आणि त्याला खोल बुडी मारता येत नव्हती. तो वरवरच्या पाण्यात हात घालून शिंपल्या चाचपायचा, भट्टी बघायचा. राखणदार मी. हे त्याला टोचायचं असं मला वाटायचं. त्याला टोचत होतं की नाही, कधी विचारलं नाही.

एक दिवस मी भट्टीमागे गेलो तर नाना उकिडवा बसलेला. पुढे खाकऱ्याचं, म्हणजे पळसाचं पान, त्यावर फोडलेल्या सात-आठ शिंपल्या. सगळ्यांचा गर पांढरा. लेकुरवाळ्या.

“नाना, काय करं तू हाई?”

तो दचकला नाही. कवच माझ्याकडे सरकवलं. “दख, हाई पोटुशी नही. हाई रोगट शे.”

“माले नही दखनं.”

“डोया उघाडीसन दख रे. ठेलाऱ्यानी मेंढीना काळजातून चपटी अळी निंघस, पानसारखी, तू दखेल शे ना? हाऊ त्याच जातना किडा शे. ह्या बठ्ठ्या काढा आनि भट्टीत घाला. नही त बठ्ठा डोह खाई टाकी हाऊ.”

ठेलारी म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणारे. त्यांच्यातला एक जण दरवर्षी आमच्या काठावर उतरायचा, आणि नाना त्याच्याजवळ बसून विड्या ओढायचा. मी म्हणालो, “ठेलारी तुले शिकाडस, आनि बापनं शिकाडेल तू भुली गया?”

“बापनी काय शिकाडं ते तूच भुली गया,” तो म्हणाला.

मी त्या पानाकडे एकदासुद्धा पाहिलं नाही. तिथून निघालो तो सरळ आबांकडे गेलो. आबा म्हणजे आमच्या चौदा घरांतले सगळ्यात वयस्क, पंचांचे प्रमुख. म्हणालो, “आबा, नानानी लेकुरवाळ्या फोड्यात.” महादेवाच्या ओट्यावर पंच बसले. नानाला विचारलं, फोडल्या का? तो म्हणाला, फोडल्या. का फोडल्या हे तो सांगायला लागला तर मीच मोठ्यानं बोललो, की कारण काहीही असो, नेम मोडला की नाही ते सांग. मग कोणी ऐकलं नाही. डोह बंद, पाणी बंद, विस्तव बंद. नानानं बायकोपोरं घेऊन नाल्यापलीकडे झोपडी घातली आणि सडकेच्या कामावर खडी फोडायला जायला लागला. दोन वर्षं मी त्याच्या दारावरून गेलो नाही. त्या बाजूला शेताची वाट जात होती, मी लांबून वळसा घालायचो.

आता परत त्या सकाळकडे येतो. आठ शिंपल्या मी सोडल्या. नववी हातात घेतली तर ती मिटेना. जिवंत शिंपली कामटी काढली की पटकन मिटते. ही तशीच आ वासून राहिली. मेली होती. माझ्या हातात लेकुरवाळी मेली. पाण्यात टाकावी तर कुजून डोह नासेल, काठावर टाकावी तर कुत्रं नेईल. मी ती पंच्याच्या टोकात गुंडाळली आणि घरी आणली, परसात पुरून टाकीन म्हणून.

बायको चुलीपाशी होती. चुलीत काही नव्हतं. तिनं गाठोडं पाहिलं.

“काय आनं?”

“काही नही. मरेल शे. पुरनी शे.”

“दखू दे.”

मी नको म्हणत होतो तोवर तिनं शिंपली हातात घेतली. मेलेल्या शिंपलीचं काय बघायचं, नेम जिवंताचा, मेलेलीचा नाही, असं तिनं मला सुनावलं आणि काशाच्या वाटीत पाणी घेऊन दाराच्या उन्हात बसली. शिंपली सताड उघडून तिनं गर वाटीत खरवडला.

मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. तिचा आवाज आला, अगदी हळू.

“हाई दखा तुम्ही. हाऊ रवा नही.”

रवा. तो शब्द ऐकला आणि मी भिंतीकडून वळलो.

मी सात वर्षांचा असेन. काठावर पाणी प्यायला आलेल्या बैलाच्या खुराखाली एक लेकुरवाळी फुटली होती. बापानं ती उचलली, कवचाला लागून असलेला आतला पडदा फाडला आणि माझ्या बोटावर पुसला. खरखरीत लागलं, बारीक रव्यासारखं. “ह्या बठ्ठा तिना पोरं शेतस,” बाप म्हणाला, “पडदामा ऱ्हातस.” नाना तिथेच उभा होता. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, पुढे लग्न झाल्यावर वहिनीला सांगितलं, वहिनीनं माझ्या बायकोला. सगळ्या घराला ठाऊक होतं. मी विसरलो होतो. आम्ही नुसते फटीतून बघायचो, पांढरं दिसलं की जाय माय. पांढरं पडद्यात आहे की पोटात, खरखरीत आहे की बुळबुळीत, हे कोण बघणार? बोट लावायचं नाही ना.

मी वाटीशी बसलो. पाण्यात पांढऱ्या शेवया होत्या. गुंतलेल्या, गाठी मारलेल्या, शिंपलीच्या पोटात कोंबून भरलेल्या. शिंपलीचं स्वतःचं असं पोटात काही उरलंच नव्हतं. शिंपली मेली होती, पण त्या शेवया हलत होत्या. उन्हात धरल्यावर त्यांच्यातून बारीक ठिपके सुटून पाण्यात नाचायला लागले, प्रत्येकाला मागे दोन केस लोंबत असल्यासारखे. आणि गराच्या वरच्या टोकाला, जिथे शिंपलीचं काळीज असतं, तिथे एक तिळाएवढा किडा चिकटलेला. बायकोनं नखावर घेतला. चपटा. पानासारखा. आकसत होता, पसरत होता.

“नाना भाऊ हाईच सांगत व्हतात,” ती म्हणाली.

“चूप बस.”

“आते बी चूपच बसू? दोन वरीस बसनू.”

पुढे कितीतरी वर्षांनी एका शिकलेल्या माणसानं मला सांगितलं, की ते चपटे कृमी. काही शिंपलीची कूसच खाऊन टाकतात, तिला पोर होऊच देत नाहीत, आणि तिच्यातून सुटून माशांत शिरतात, माशांतून परत शिंपल्यांत. त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. मी म्हटलं, राहू द्या साहेब, मी वाटीत पाहिलंय.

त्या दुपारी मात्र मला पक्कं करायचं होतं. मी हट्टी माणूस आहे. एक मेलेली शिंपली बघून मी बापजाद्यांचा नेम सोडणार नव्हतो. मी परत डोहावर गेलो. मघाशी सोडलेल्या शिंपल्या कुठे सोडल्या ते मला ठाऊक होतं. त्याच आठ काढल्या, आणखी पाच मिळाल्या. तेरा. काठावर कोणी नव्हतं. पहिली फोडताना कोयता निसटून अंगठ्याला लागला. ओंजळीत पाणी घेऊन गर धुतला. शेवया. दुसरी. शेवया. तिसरीला मी मोठ्यानं म्हणालो, रवा निघ, माय, रवा निघ. शेवया. आठव्या शिंपलीपर्यंत मी रडायला लागलो होतो आणि फोडत होतो. बाराव्या शिंपलीत रवा निघाला. पडद्यात, बारीक, बोटाला खरखरीत. खरी लेकुरवाळी. तेरांत एक, आणि ती मी मारली होती. तेरावीतही शेवयाच.

मग मला सगळं एकदम समजलं, आणि ते समजू नये म्हणून मी तिथे गाळात डोकं घालून पडलो असतो तरी चाललं असतं. करड्या, पातळ, निरोगी शिंपल्या आम्ही वर्षानुवर्षं काढल्या, खाल्ल्या, भाजल्या. त्याच पुढे पोटुश्या राहिल्या असत्या. आणि ज्यांच्या पोटात किडा, त्यांना हात जोडून डोहात परत सोडलं. निवडून निवडून सोडलं. डोहात रोग मी पेरला नाही, पण जपला मी. दुसरा कोणी राखणदार असता, आळशी असता, नेम न पाळणारा असता, तर डोह एवढा मेला नसता. मी चांगली राखण केली. हेच झालं.

दिवस कलायला लागल्यावर गर घरी ठेवला आणि तेरा कवचं आणि वाटी घेऊन मी आबांकडे गेलो. आबा ओट्यावर बसून जाळ्याची गाठ मारत होते. शेजारी दोघं-तिघं भोई होते. मी वाटी पुढे ठेवली. पाहिलं ते सगळं सांगितलं. कोणी वाटीत डोकावलं, कोणी नाही. एक जण म्हणाला, “हाऊ बी भाऊसारखाच व्हयना.” दुसरा हसला. “घरमा धान नही म्हनीसन लेकुरवाळ्या खावाना बहाना शे.”

आबा हसले नाहीत. वाटी हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्यांची नजर अधू होती. बोट घालून शेवया चोळल्या, बोटं नाकाशी नेली.

“खरखरीत नही,” ते म्हणाले.

“नही, आबा.”

“तेरा फोड्यात?”

“मेलेल धरीसन चौदा.”

“तुना शब्दवर आम्ही तुना भाऊले वाळीत टाकं. आते तुलेच टाकूत का?”

“टाका.”

“आनि नेम?”

नेम चांगलाच होता, हे आजही माझं म्हणणं आहे. पोटुशीला मारू नये. पण पोटुशी कोणती हे बघायला बोट लावायला पाहिजे होतं. मी एवढंच म्हणालो, की उरलेल्या रोगट शिंपल्या काढून भाजल्या नाहीत तर पाच-दहा चांगल्या असतील त्याही जातील. नाना जे म्हणत होता ते.

आबांनी वाटी खाली ठेवली. “मी म्हातारा, मना शब्दवर आते कोनी डोहमा उतरावाव नही. तू लोकेसले काय सांगशी? तू खोटा पडना म्हनी सांगशी का?”

तिथे बसलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून आलो. ‘मी खोटा पडलो’ हे तीन शब्द माझ्या तोंडून तेव्हा निघाले नाहीत. घरी आलो तर बायकोनं त्या फोडलेल्या शिंपल्यांतला गर, जो स्वच्छ होता तेवढा, वेगळा करून शिजवला होता. मुलगी खात होती. मी नाही खाल्लं. मी रागावून म्हणालो, कशाला शिजवलंस. ती म्हणाली, मारलं तुम्ही, वाया मी घालवू?

पंचांनी त्या दिवशी काहीच ठरवलं नाही. आबांनी नुसतं बघत बसायचं ठरवलं असावं. डोहात उतरायचं तर मीच उतरणार, भट्टी पेटवायची तर मीच पेटवणार, आणि ते कोणाच्या शब्दावर करतोय हे गावाला मलाच दाखवायचं होतं. बोलून दाखवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामं खापर हातात घेतलं आणि भोईवाड्याच्या मधल्या वाटेनं निघालो. बायका पाणी भरत होत्या, त्या थांबल्या. लांबचा वळसा न घेता नाला ओलांडला आणि नानाच्या झोपडीपुढे उभा राहिलो. चुलीतून धूर येत होता. नाना दारात हातोड्याचा दांडा ठोकून बसवत होता. दोन वर्षांत त्याचे केस पिकले होते. त्याला माझी चाहूल लागली नाही, मी फुटक्या कानाच्या बाजूला उभा होतो. वहिनीनंच आधी पाहिलं.

“दखा, कोन उना,” ती म्हणाली. “डोहना मालक.”

नानानं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, खापराकडे पाहिलं.

“वहिनी, इस्तो दे,” मी म्हणालो.

वाळीत टाकलेल्या घरचा विस्तव. वहिनी हलली नाही. नाल्याच्या गावाकडच्या काठावर लोक जमले होते. आबाही काठी टेकत आले होते, मला त्यांचा खोकला ऐकू आला.

“कसाले पाहिजे?” नानानं विचारलं.

“भट्टी पेटाडनी शे.”

“काय भाजशी?”

“रोगट शिंपल्या,” मी म्हणालो. तो ऐकू न आल्यासारखा बघत राहिला, म्हणून मी पलीकडच्या बाजूला गेलो, त्याच्या चांगल्या कानाशी, आणि नाल्यापलीकडे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, “रोगट शिंपल्या, नाना. तू सांगेल त्या.”

वहिनीनं चुलीतले चार निखारे चिमट्यानं उचलून खापरात टाकले. खापर दोन्ही हातांत धरून मी नाल्यात उतरलो आणि भट्टीकडे चालायला लागलो.